वऱ्हाडची भुलाबाई

भाद्रपदाची पौर्णिमा आली कीं वऱ्हाडांतल्या घरांत एक पाहुणें जोडपें येतें. कुंभाराच्या टोपलींतून उतरलेलें हें मातीचें जोडपें वीतभर उंचीचें असतें. पुरुषाच्या डोक्याला फेटा, बाईच्या डोक्यावर पदर आणि दोघांच्या मध्यें लहानसा गणपति. त्यांच्या स्वागताला भटजी लागत नाहीं कीं मुहूर्त पाहावा लागत नाहीं. घरांतली मुलगी भिंतींतली देवळी पुसते, तींत हें जोडपें बसविते, चार फुलें वाहते, दिवा लावते आणि गाणें सुरू करते. एवढ्यानें स्थापना होते. हीच भुलाबाई आणि हाच भुलोजी. अश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे कोजागरीपर्यंत, त्यांचा मुक्काम. आणि या एका महिन्यांतली प्रत्येक संध्याकाळ परंपरेनें मुलींच्या मालकीची.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पांच जिल्हे मिळून आजचा वऱ्हाड होतो. काळ्या मातीचा, कापसाचा आणि ज्वारीचा हा मुलूख. श्रावणाच्या अमावास्येला पोळा होतो, तो बैलांचा. पुढें गणपति येतो, महालक्ष्म्या येऊन जातात. अनंत चतुर्दशीला गणपति बोळविला कीं लगेच भुलाबाईची पाळी. या सुमारास शेतांतलें निंदण-डवरण बहुतेक आटोपलेलें असतें, ज्वारी निसवूं लागलेली असते, कापसाचीं बोंडें अजून फुटायचीं असतात. बायामाणसांच्या हाताला थोडीशी उसंत मिळते ती याच दिवसांत. ज्यांनीं या सणाला हा महिना नेमून दिला त्यांना शेतीचें गणित चांगलें ठाऊक होतें.

भुलाबाईची कथा घरोघरीं सांगतात ती अशी. शंकर आणि पार्वती सारीपाट खेळत बसले. शंकर हरला, रुसला आणि रानांत निघून गेला. त्याला परत आणावयाला पार्वतीनें भिल्लिणीचा वेष घेतला. ती त्याच्यापुढें नाचली, गायली. शंकर भुलला आणि तिच्यामागून घरीं आला. भुलविणारी ती भुलाबाई आणि भुलला तो भुलोजी. ही व्युत्पत्ति भाषापंडितांच्या कसोटीला उतरो वा न उतरो, कथेंतल्या दोन खुणा मात्र ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. रुसलेल्या देवाला घरीं आणण्याचें काम येथें तपानें किंवा मंत्रानें होत नाहीं, तें नाच-गाण्यानें होतें. आणि हें गाणें गाणारी बाई कैलासावरची महाराणी म्हणून येत नाहीं. ती रानांतली भिल्लीण होऊन येते. वऱ्हाडच्या उत्तर अंगाला सातपुडा आडवा पसरलेला आहे. या मुलखांतल्या बायकांनीं आपल्या देवीला डोंगरांतल्या शेजारणीचें रूप दिलें, यांत नवल नाहीं.

दिवेलागण झाली कीं मुली जमतात. ज्या घरीं भुलाबाई बसली असेल त्या घरच्या अंगणांत सतरंजी पडते. हातांत टिपऱ्या घेऊन मुली समोरासमोर बसतात किंवा गोल करून उभ्या राहतात आणि टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणें सुरू होतें. एखादी जाणती मुलगी ओळ उचलते, बाकीच्या ती घेतात. एका घरचीं गाणीं संपलीं कीं सारा मेळा दुसऱ्या घरीं. गाण्याच्या शेवटीं प्रत्येक घरची खिरापत. ही खिरापत झांकलेल्या डब्यांत असते आणि ओळखल्याशिवाय ती मिळत नाहीं. डबा हलवून आवाज ऐकावा, गोड कीं तिखट हें विचारावें, घरची कीं बाजारची हें काढून घ्यावें, आणि मग एकेकीनें अंदाज बांधावा. फुटाणे, मुरमुरे, खोबरें-साखर, भाजलेल्या शेंगा, सीताफळ असें कांहीं त्यांत निघतें. ज्या घरची खिरापत कोणालाच ओळखतां आली नाहीं त्या घरची आई दुसऱ्या दिवशीं विहिरीवर थोडी ताठ चालत असे. कोजागरीच्या रात्रीं तर कांहीं घरीं बत्तीस-तेहतीस प्रकारच्या खिरापती होत. त्या रात्रीं ज्वारीचे पांच धांडे एकत्र बांधून मांडव उभारतात, त्याखालीं भुलाबाई-भुलोजींना बसवितात, घरच्या ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात आणि चांदण्यांत आटवलेलें दूध पितात.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट आहे, ती सहज नजरेंतून सुटते. भुलाबाईच्या उत्सवाला श्रोता नाहीं. अंगणांत जी आली ती गाणारी. पांच वर्षांची पोर ठेका चुकवीत टिपरी वाजविते, म्हणून तिला कोणी उठवीत नाहीं. एखादीचा आवाज घोगरा आहे म्हणून तिला गप्प बसावें लागत नाहीं. ओसरीवर वाती वळीत बसलेली आजी गाणाऱ्यांच्या मेळ्यांत नसते असें वाटतें. पण मुलींना कडवें आठवेनासें झालें कीं तें तिकडूनच येतें. शिकविणारी कोण आणि शिकणारी कोण हें येथें वेगळें काढतां येत नाहीं. वर्षाला तीस संध्याकाळ धरल्या तर पांचव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत मुलीच्या वाट्याला तीनशें संध्याकाळ येतात. इतकी उजळणी झालेला पाठ मरेपर्यंत विसरत नाहीं. लिहितां-वाचतां न येणाऱ्या स्त्रियांच्या ओठीं ऐंशीव्या वर्षींहि हीं गाणीं सलग असत, त्याचें कारण हेंच होय.

आतां गाण्यांत असतें काय? वरवर पाहिलें तर फारच थोडें. भुलाबाईला झालेलें बाळ, त्याचा पाळणा, तिचे दागिने, तिची हौस, भुलोजीची गंमत. कांहीं गाणीं नुसतीं आकड्यांनीं पुढें सरकतात, कांहीं शब्दांच्या साखळीनें. परंतु यांतल्या पुष्कळ गाण्यांच्या पोटांत एकच विषय आहे: सासर आणि माहेर. महाराष्ट्रभर ठाऊक असलेलें एक गाणें या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते. सासू तिला सांगते, आधीं कारल्याचें बीं पेर. बीं पेरल्यावर पुन्हां विचारतां उत्तर येतें, वेल वाढूं दे. वेल वाढला, तर फूल येऊं दे. फूल आलें, तर कारलें लागूं दे. कारलें लागलें, तर त्याची भाजी होऊं दे. पायरीमागून पायरी गाणें लांबत जातें आणि माहेर दूर दूर राहतें. गाणाऱ्या मुली हंसतात. पण ज्या घरांत सून खरोखरच परवानगीची वाट पाहत चुलीपुढें बसली असेल त्या घराच्या अंगणांत हें गाणें म्हटलें जाई, तेव्हां तें केवळ हंसण्याचें राहत नसे. जें सुनेला उघड बोलण्याची सोय नव्हती तें दहा मुली टिपऱ्यांच्या तालावर सासूच्या दारांत उभ्या राहून बोलून जात, आणि देवीचें गाणें म्हणून सासूला तें मुकाट्यानें ऐकावें लागे. वर खिरापतहि द्यावी लागे!

गाणाऱ्या मुलींचें वय ध्यानांत घेतलें म्हणजे या हंसण्याची दुसरी बाजू दिसते. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ सालीं झाला आणि त्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें. अठरा हें वय कायद्यांत आलें तें १९७८ सालीं. त्यापूर्वीं आठ-दहा वर्षांची मुलगी भुलाबाईपुढें सासरचें गाणें म्हणत असे, तेव्हां तिचें स्वतःचें सासर एक-दोन वर्षांच्या अंतरावर उभें असे. पुष्कळजणी तर लग्न होऊन सणापुरत्या माहेरीं आलेल्या असत. तेथें काय वाढून ठेवलें आहे हें तिला आई सांगूं शकत नव्हती, बाप सांगणार नव्हता. तें तिला गाण्यानें सांगितलें. आणि तें ती एकटी ऐकत नव्हती, बरोबरीच्या दहा जणींसह गात होती, हा त्यांतला धीर. आजच्या मुलीला ती भीति राहिली नाहीं ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपली पणजी कोणत्या वयांत कोणत्या घरीं गेली आणि तिनें तें कसें सोसलें, याचा दाखला इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सांपडेल. तो या गाण्यांत आहे.

वऱ्हाडांत स्त्रियांच्या गाण्याला फार जुना आधारहि आहे. अमरावती जिल्ह्यांतल्या रिद्धपूर गांवीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत महानुभाव पंथाचे गोविंदप्रभु राहत. त्यांच्या विवाहाचा सोहळा भक्तांनीं मांडला, तेव्हां महदाइसा हिनें कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. धवळे म्हणजे लग्नांत बायकांनीं म्हणावयाचीं गीतें. मराठीची आद्य कवयित्री म्हणून महदाइसेचें नांव घेतलें जातें तें या रचनेमुळें. तिच्या गीतांतली रुक्मिणी ज्या कौंडिण्यपूरची, तें वर्धा नदीच्या कांठचें गांवहि याच जिल्ह्यांत आहे. म्हणजे मराठी काव्यांतला स्त्रीचा पहिला ओळखीचा आवाज वऱ्हाडांतून उठला आणि तोहि लग्नघरच्या गाण्यांतून. महदाइसेचे शब्द सातशें वर्षांनंतर आज वाचतां येतात, कारण ते कोणीतरी वेळेवर लिहून ठेवले आणि पंथानें ते जपले. तिच्या आगेंमागें अशींच गीतें गाणाऱ्या दुसऱ्या शेंकडों स्त्रियांचें नांवहि उरलेलें नाहीं. त्याच रिद्धपूरला आतां मराठी भाषा विद्यापीठ झालें असून २०२४ सालीं त्याचे पहिले कुलगुरु नेमले गेले. लिहून ठेवण्याच्या कामाला याहून योग्य जागा कोणती असेल?

भुलाबाई एकटी नाहीं. तिच्या बहिणी आजूबाजूला आहेत. खानदेशांत तिला गुलाबाई असेंहि म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रांत हस्त नक्षत्राच्या सुमारास पाटावर हत्ती काढून मुली त्याभोंवतीं फेर धरतात, तो हादगा किंवा भोंडला. त्याचीं कित्येक गाणीं भुलाबाईच्या गाण्यांशीं जुळतात. सातपुड्याच्या पलीकडे निमाड-माळव्यांत भाद्रपदी पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत कुमारिका भिंतीवर शेणाच्या आणि फुलांच्या आकृति काढून संजाबाईचीं गाणीं म्हणतात. आणि खुद्द अमरावती जिल्ह्यांत, मेळघाटच्या डोंगरांत, कोरकू लोक आहेत. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळांतली नाहीं. ती पूर्वेकडील मुंडारी, संताळी यांच्या मुंडा कुळांतली असून त्या कुळाचें सर्वांत पश्चिमेचें टोंक आहे. नाचाला ते सुसुन म्हणतात. होळीनंतर फगव्याच्या दिवसांत ढोलाच्या आणि बांसरीच्या साथीनें गांवेंच्या गांवें नाचतात, आणि बाया एकमेकींचे हात धरून ओळीनें पावलें टाकतात. तेथेंहि पाहणारा वेगळा आणि नाचणारा वेगळा असा भेद नसतो.

हा भेद आतां मैदानांत शिरला आहे आणि त्याचा विचार करण्याची वेळ आली आहे. भुलाबाईचा महिना आक्रसत गेला. पुष्कळ घरीं तो पांच दिवसांवर आला, शहरांत तर एकट्या कोजागरीवर. याचा दोष कोणा एकाला देतां येत नाहीं. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या सदनिकांना अंगण नाहीं. घटक-चांचण्या आणि शिकवण्या यांत मुलींच्या संध्याकाळ गुंतलेल्या. जें थोडें उरतें तें दूरचित्रवाणी आणि मोबाइल घेतात. ज्या धांड्यांचा मांडव करावयाचा ते धांडेहि दुर्मिळ झाले. जुनी देशी ज्वारी पुरुषभर उंचीहून वर जाई. १९६० नंतरच्या दशकांत संकरित वाणें आलीं, तीं बुटक्या ताटाचीं. पुढें १९८०-९० पासून सोयाबीनचा पेरा वाढत गेला आणि खरिपाची ज्वारी वऱ्हाडच्या शिवारांतून मागें हटली. आज कोजागरीच्या सुमारास शेतांत सोयाबीनच्या सोंगणीची घाई असते. सोयाबीनच्या काडीचा कांहीं मांडव होत नाहीं! पीक बदललें म्हणजे सण जागच्या जागीं कसा सैल होतो, याचें हें लहानसें पण बोलकें उदाहरण.

सणाची ही ओढाताण पाहून ठिकठिकाणच्या महिला मंडळांनीं आणि संस्थांनीं भुलाबाईच्या गाण्यांच्या स्पर्धा सुरू केल्या. जळगांवला भुलाबाई महोत्सव या नांवानेंच कार्यक्रम होतात, वऱ्हाडांतल्या शहरांतहि असे प्रयत्न आहेत. यांतला हेतु स्तुत्य आहे. स्पर्धा नसती तर कित्येक मुलींना हीं गाणीं ठाऊकच झालीं नसतीं, हें मान्य केलें पाहिजे. परंतु स्पर्धेच्या व्यासपीठावर गाणें चढलें कीं त्याला श्रोता मिळतो, आणि श्रोता मिळाला कीं गाणें बदलूं लागतें. ज्या आठ मुलींचा आवाज बरा त्याच निवडल्या जातात; घोगऱ्या आवाजाची नववी खालीं खुर्चीवर बसून टाळ्या वाजविते. पन्नास कडव्यांचें गाणें पांच मिनिटांत बसवावें लागतें. परीक्षकांना समजावें म्हणून ‘मले’चें ‘मला’ होतें, ‘काहून’ जाऊन ‘कां’ येतें, आणि दोन-तीन अक्षरांच्या अशा बदलानें टिपरीचा ठेका अडखळतो. पोषाख एकसारखे होतात. कार्यक्रम देखणा होतो, छायाचित्रें सुरेख येतात. पण घरीं गेल्यावर त्या आठ मुलींपैकीं कोणाच्या अंगणांत दुसऱ्या दिवशीं टिपरी वाजते, हा प्रश्न उरतोच. तीनशें संध्याकाळींची जागा एक संध्याकाळ भरून काढूं शकत नाहीं.

हा पेंच एकट्या वऱ्हाडापुढें पडलेला नाहीं. युरोपच्या उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या कांठीं एस्टोनिया नांवाचा देश आहे. त्याची सारी लोकसंख्या तेरा-चौदा लाख. २०११ च्या शिरगणतींत एकट्या अकोला जिल्ह्याची वस्ती अठरा लाखांवर होती. तेथील खेड्यांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एक विशिष्ट धाटणीचीं गाणीं म्हणत. त्यांना तिकडे रेगिलाउल म्हणतात. एकीनें ओळ म्हणावयाची, बाकीच्यांनीं ती उचलून परत म्हणावयाची. विषय तेच, सासर-माहेर, दळण, अनाथपण, कापणी. भुलाबाईच्या अंगणांतली मुलगी तेथें गेली तर भाषा समजणार नाहीं, पण गाण्याची रीत ती लगेच ओळखील.

एकोणिसाव्या शतकांत एस्टोनियांत दोन कामें जवळजवळ बरोबरच झालीं. पहिलें काम व्यासपीठाचें. १८६९ सालीं टार्टू शहरीं पहिला गीतमहोत्सव भरला. शेतकऱ्यांच्या दास्यमुक्तीला पन्नास वर्षें झालीं त्याचें निमित्त होतें. आठशेंहून अधिक गायक-वादक जमले, पण ते सारे पुरुष होते आणि गाणीं होतीं जर्मन धर्तीच्या वृंदगानाचीं. खेड्यांतल्या बायकांच्या रेगिलाउलला तेथें जागा नव्हती. दुसरें काम वहीचें. याकोब हुर्ट या धर्मोपदेशकानें १८८८ सालीं वृत्तपत्रांतून लोकांना हांक दिली कीं आपापल्या गांवचीं जुनीं गाणीं आणि कथा लिहून पाठवा. सुमारें १,४०० लोकांनीं त्या हांकेला ओ दिली. त्यांत शेतकरी होते, कारागीर होते आणि खेड्यांतले शाळामास्तर फार मोठ्या संख्येनें होते. हुर्टच्या संग्रहाचीं पृष्ठें लाखावर गेलीं. गाणीं अंगणांतून नाहींशीं होत होतीं, पण वहींत उतरून राहिलीं. टार्टू येथें १९२७ सालीं लोकवाङ्मयाचें दफ्तरखानें स्थापन झालें, त्याचा पाया हाच संग्रह.

त्या वहीचा उपयोग पुढें दिसला. देश परसत्तेखालीं असतांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वेल्यो टॉर्मिस यांच्यासारख्या संगीतकारांनीं हीं जुनीं गाणीं दफ्तरांतून काढून नव्या पिढीच्या तोंडीं दिलीं. १९८८ सालीं राजधानी टालिनच्या गीतमैदानावर लाखों लोक जमून गाइले, आणि १९९१ सालीं देश पुन्हां स्वतंत्र झाला. १९९३ पासून विल्यांडी या लहानशा गांवीं दरवर्षीं लोकसंगीताचा उत्सव भरतो. त्यांत व्यासपीठ आहेच, परंतु येणाऱ्यांना गाणीं आणि वाद्यें शिकण्याचीं सत्रेंहि असतात. ऐकावयाला आलेला माणूस गाणें घेऊन घरीं जातो. आणि पांच वर्षांनीं एकदां भरणाऱ्या ज्या मोठ्या महोत्सवांत पूर्वीं बोलींना थारा नव्हता, त्याच महोत्सवानें २०२५ सालीं बोली आणि गांवोगांवची परंपरा हाच आपला विषय केला. दीडशें वर्षांच्या या प्रवासाचा बोध साधा आहे. व्यासपीठानें लोकांना एकत्र आणलें. गाणीं मात्र वहीनें वांचविलीं. आणि वहींतलीं गाणीं पुन्हां जिवंत झालीं तीं श्रोत्याला गाता केल्यावर.

मराठींत वहीचें काम झालेंच नाहीं असें नव्हे. साने गुरुजींनीं स्त्रियांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केलें. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांनीं सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. हुर्टच्या कामाशीं तुलना करावी असें हें काम आहे. जातें थांबलें तेव्हां त्याच्यावरची ओवी जाण्याच्या आंत कोणीतरी वही घेऊन पोहोंचलें होतें. भुलाबाईचीं टिपरी तशीच थांबण्याच्या बेतांत आहे. फरक इतकाच कीं अजून वेळ गेलेली नाहीं. ज्यांनीं लहानपणीं पुरा महिना भुलाबाई मांडली अशा आज्या आजहि वऱ्हाडांतल्या घराघरांत आहेत.

म्हणून यंदाच्या पौर्णिमेपूर्वीं प्रत्येक सुशिक्षित घरानें एक लहानसें काम अंगावर घ्यावें. एक कोरी वही घ्यावी. घरांतल्या वडीलधाऱ्या बाईला गाणें म्हणावयाला सांगावें आणि ती जसें म्हणेल तसें अक्षर न बदलतां लिहावें. ‘मले’ म्हटलें तर ‘मले’च लिहावें. शब्दाचा अर्थ कळला नाहीं तर तो तिलाच विचारून बाजूला टिपावा. गाणें तिनें कोणत्या गांवीं, कोणाकडून घेतलें हेंहि लिहावें. पन्नास वर्षांनीं अभ्यासकाला गाण्याइकतीच किंमत त्या एका ओळीची वाटेल. मोबाइल हाताशीं असतोच. त्यावर तिचा आवाज धरून ठेवावा, कारण टिपरीचा ठेका शाईला पकडतां येत नाहीं. ती कडवें विसरली तर शेजारच्या आजीकडे जावें. मुलांच्या वह्या-पुस्तकांवर हजारों रुपये खर्च करणाऱ्या घराला ही एक वही जड नाहीं.

शाळांनीं या महिन्यांत आठवड्याचा एक तास मोकळा ठेवून वर्गांतल्या सगळ्या मुलींना, आणि हौस असेल तर मुलांनाहि, गोल बसवावें. निवड करूं नये. स्पर्धा भरविणाऱ्या मंडळांनीं बक्षिसाच्या आधीं अर्धा तास सभागृहांतल्या खुर्च्या बाजूला सारून सर्वांना गाण्यांत ओढावें, आणि बक्षीस द्यावयाचें तर सर्वांत अधिक घरीं महिनाभर भुलाबाई मांडणाऱ्या मोहल्ल्याला द्यावें. सदनिकांना अंगण नसलें तरी गच्ची असते. धांडे मिळत नसतील तर खेड्यांतल्या नातलगाला बांधाच्या कडेला देशी ज्वारीचे चार तास पेरावयाला सांगावें. पांखरांनाहि त्याचा लाभ होईल.

नागपूरचें आकाशवाणी केंद्र १९४८ सालीं सुरू झालें, तेव्हांपासून वऱ्हाड-नागपूरकडचीं लोकगीतें रेडिओवरून दूरवर जाऊं लागलीं. रेडिओनें त्यांना मान दिला, पण एक गोष्ट त्याला करतां येत नाहीं. त्याच्यापुढें बसलेलें घर श्रोताच राहतें. भुलाबाईला श्रोते नकोत. तेव्हां पौर्णिमेच्या संध्याकाळीं रेडिओ बंद झाला तरी चालेल. देवळींत दिवा लागावा, ज्या दोघी-तिघी घरांत असतील त्यांनीं टिपऱ्या घ्याव्या आणि पहिली ओळ आजीनें उचलावी. पुढची ओळ घेणारें कोणीतरी घरांत असलें म्हणजे झालें.